टर्बिनियाचे नऊ पंखे

तारीख २६ जून १८९७. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टस्मथजवळच्या स्पिटहेडच्या समुद्रात ब्रिटिश आरमाराची मोठी पाहणी होती. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली होती, त्याचा हा सोहळा. दीडशेहून अधिक युद्धनौका शिस्तीत रांगा धरून नांगरलेल्या. राणीच्या वतीने युवराज आलेले, देशोदेशींचे पाहुणे हजर. अशा त्या भारदस्त शांततेत एक अरुंद, लांबोडकी, बसकी बोट रांगांच्या मधून सुसाट निघाली. तिच्या धुराड्यातून ज्वाळा बाहेर पडत होत्या आणि मागे पाण्याचा पांढरा डोंगर उसळत होता. गस्तीच्या बोटी तिला अडवायला धावल्या, पण तिच्या जवळपासही पोहोचू शकल्या नाहीत. एक गस्तीची बोट तर टक्कर होता होता थोडक्यात वाचली. जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराला आपल्याच अंगणात एक चिमुकली बोट पकडता आली नाही.

बोटीचं नाव 'टर्बिनिया'. सुकाणूवर होते ख्रिस्तोफर लेलँड, आणि खाली यंत्रांपाशी होता तिचा जन्मदाता, चार्ल्स अल्जर्नन पार्सन्स. ही स्वारी अगदीच बिनबोलावलेली नव्हती, काही अधिकाऱ्यांना तिची कल्पना असावी, असं काही अभ्यासक आता म्हणतात. ते काही असो, ताशी ३४ नॉट म्हणजे सुमारे ६३ किलोमीटर हा तिचा वेग खरा होता आणि त्या वेळी दुसरी कुठलीही बोट तेवढी पळत नव्हती.

हा प्रसंग अनेकांनी वाचलेला असतो. मला मात्र त्याच्या आधीची तीन वर्षं जास्त मोलाची वाटतात. कारण स्पिटहेडला वाऱ्याशी स्पर्धा करणारी हीच 'टर्बिनिया' १८९४ साली पहिल्यांदा पाण्यात चालवली, तेव्हा सपशेल नापास झाली होती.

पार्सन्सचा जन्म १३ जून १८५४ चा, लंडनमधला. घराणं आयर्लंडमधल्या बर या गावचं, उमरावाचं. वडील विल्यम पार्सन्स, रॉसचे तिसरे अर्ल, हे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात ७२ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण बांधली होती. १८४५ पासून पुढे सत्तरएक वर्षं तिच्यापेक्षा मोठी दुर्बीण जगात नव्हती. आरसा ओतायची भट्टी, घासायची यंत्रं, लोहारकाम, सुतारकाम सगळं घरीच. आई मेरी छायाचित्रणाच्या कलेत आघाडीची होती आणि तिला लोहारकामातलंही कळायचं. मुलांना शाळेत घातलं नाही. शिक्षक घरी येत आणि उरलेला वेळ मुलं बापाच्या कारखान्यात काढत. हातात हातोडी असलेला उमराव हे दृश्य त्या काळी विरळाच. चार्ल्सला ते रोजचं होतं.

या घरावर एक काळी सावलीही पडली. १८६७ मध्ये वडील गेले. दोन वर्षांनी, ३१ ऑगस्ट १८६९ रोजी, मुलांनी बांधलेल्या वाफेच्या रस्तागाडीतून नात्यातल्या मेरी वॉर्ड फेरफटक्याला निघाल्या होत्या. सूक्ष्मदर्शकावर पुस्तकं लिहिणारी ही विदुषी. वळणावर त्या गाडीतून फेकल्या गेल्या आणि चाकाखाली आल्या. स्वयंचलित वाहनाच्या अपघातात जीव गेल्याची ही जगातली अगदी सुरुवातीची नोंद. गाडीत पंधरा वर्षांचा चार्ल्सही होता. यंत्र चुकलं की त्याची किंमत माणूस चुकवतो, हे त्याला फार लवकर कळलं.

डब्लिन आणि मग केंब्रिज. गणितात तो १८७७ साली अकराव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. अशा मुलाने प्राध्यापक व्हावं किंवा घरची इस्टेट सांभाळावी अशी रीत. हा मात्र न्यूकॅसलला आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्यात उमेदवारी करायला गेला. १८८३ मध्ये कॅथरीन बेथेलशी लग्न झालं आणि १८८४ मध्ये तो क्लार्क, चॅपमन या कंपनीत धाकटा भागीदार झाला. तिथे त्याच्याकडे विजेचं काम आलं, आणि त्याच वर्षी त्याने वाफेची टर्बाइन तयार केली.

तोवरच्या वाफेच्या इंजिनात दट्ट्या पुढे-मागे सरकायचा. पायाने चालवायचं शिवणयंत्र आठवा. पायपट्टी खाली-वर होते आणि तिला जोडलेला दांडा ती हालचाल चाकाच्या फिरण्यात बदलतो. दर वेळी दट्ट्या थांबणार, उलटा फिरणार, यंत्र गदगदा हलणार. वाफेने थेट चक्रच का फिरवू नये, हा विचार जुनाच होता. अडचण अशी की कोंडलेली वाफ एका झटक्यात मोकळी सोडली तर ती इतक्या भयंकर वेगाने निघते की कुठलंही चक्र तिच्या बरोबरीने फिरू शकत नाही. पार्सन्सने वाफेला जिना बांधून दिला. एकामागोमाग एक पात्यांच्या अनेक रांगा, आणि प्रत्येक पायरीवर दाब थोडासाच उतरणार. उंचावरचं पाणी एकदम कोसळू न देता टप्प्याटप्प्याने खाली आणावं तसं. त्याचं पहिलं यंत्र मिनिटाला १८,००० फेरे घेत असे आणि साडेसात किलोवॉट वीज देत असे.

आज कोराडीची, चंद्रपूरची, परळीची किंवा नाशिकजवळच्या एकलहऱ्याची औष्णिक वीज आपल्या घरात येते, ती कोळशाच्या वाफेवर फिरणाऱ्या टर्बाइनमधूनच. पार्सन्सचं नाव आपल्या कानांवर पडलेलं नसलं, तरी त्याचा जिना रात्रंदिवस आपल्यासाठी राबतो आहे.

माझी उमर बँकेत गेली. लहान उद्योगांच्या कर्जप्रकरणांत यंत्र मोडल्यामुळे बुडालेले जेवढे पाहिले, त्यापेक्षा जास्त भागीदारी मोडल्यामुळे बुडालेले पाहिले. म्हणून पार्सन्सच्या आयुष्यातलं १८८९ साल मला विशेष वाटतं. त्या वर्षी भागीदारांशी त्याचं फाटलं. तो बाहेर पडला, पण टर्बाइनची पेटंटं कंपनीकडेच राहिली. स्वतःच्याच शोधाला हात लावण्याची चोरी! दुसरा कोणी असता तर कोर्टकचेऱ्यांत म्हातारा झाला असता. याने न्यूकॅसलच्या हीटन भागात स्वतःचा कारखाना काढला आणि पेटंटात न बसणारी, वाफ वेगळ्या दिशेने वाहणारी टर्बाइन बनवायला घेतली. १८९० मध्ये न्यूकॅसलच्या फोर्थ बँक्स वीजकेंद्रात त्याची यंत्रं बसली. टर्बाइनवर सार्वजनिक वीजपुरवठा करणारं ते जगातलं पहिलं केंद्र. १८९४ मध्ये तडजोड होऊन जुनी पेटंटं परत हाती आली, आणि त्याच वर्षी त्याने समुद्राकडे मोर्चा वळवला.

बोटीची तयारी त्याने पोराच्या खेळासारखी सुरू केली. दोन फुटांची प्रतिकृती मासे पकडायच्या गळाच्या काठीला बांधून पाण्यातून ओढून पाहिली. मग सहा फुटांची केली आणि तिचा पंखा पीळ दिलेल्या रबरी दोरीवर फिरवला. किती ताकदीला किती वेग, याचा हिशोब त्यातून निघाला. ऑगस्ट १८९४ मध्ये 'टर्बिनिया' पाण्यात उतरली. लांबी सुमारे शंभर फूट, रुंदी जेमतेम नऊ फूट, वजन साडेचव्वेचाळीस टन. नोव्हेंबरमध्ये पहिली चाचणी झाली आणि हिशोब कोलमडला. यंत्र जोरात फिरत होतं, पण बोट पळेना. पंखे बदलून पाहिले, एकाच दांड्यावर तीन पंखे लावून पाहिले. चाचण्यांवर चाचण्या झाल्या, पण २० नॉटची रेषा ओलांडली जाईना.

इथे थोडं थांबून आपल्याकडची गोष्ट सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना एकदा आमच्या लाँचचं असंच झालं. इंजिनाचा आवाज चढला, पण लाँच जागच्या जागी रेंगाळू लागली. मंडळी कुजबुजू लागली की इंजिन गेलं. म्हाताऱ्या सारंगाने मात्र इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिन आवाज करतंय म्हणजे ते चालतंय, दोष त्याच्या मागे कुठेतरी आहे, असा त्याचा सरळ हिशोब. वेग कमी केला, सुकाणू दोन्ही बाजूंना फिरवून पाहिलं, मग इंजिन बंद करून खलाशाला मागे पाण्यात उतरवलं. पंख्याला जाळ्याचा तुकडा गुंडाळला गेला होता. तो कापला आणि आम्ही निघालो. बोटीच्या धंद्यातली माणसं याच क्रमाने जातात. आधी इंजिन, मग त्याला दांड्याशी जोडणारा सांधा, मग दांडा वाकलाय का, मग पंख्यात दोरी अडकली आहे का, पातं दुमडलंय का, आणि शेवटी सुकाणू. बोट एका बाजूला ओढत असेल तर ते नेहमी सुकाणूचंच पाप नसतं. फिरणारा पंखा स्वतःच बोटीची पिछाडी थोडी बाजूला रेटत असतो, आणि पंख्याने मागे फेकलेलं पाणी सुकाणूवर आपटतं म्हणूनच सुकाणूला जोर येतो. पंखा बिघडला की सुकाणूही लुळं पडतं.

पार्सन्सने नेमकं हेच केलं, फक्त अंदाजावर न राहता मोजून. लोक म्हणत होते की टर्बाइन हेच खूळ आहे, जुनं इंजिन बसवा. त्याने टर्बाइन आणि पंख्याचा दांडा यांच्यामध्ये स्प्रिंगचं एक मोजयंत्र बसवलं. दांड्याला किती पीळ पडतो, म्हणजे प्रत्यक्षात किती ताकद पंख्यापर्यंत पोहोचते, ते त्यावर कळे. उत्तर स्वच्छ आलं. टर्बाइन आपलं काम चोख बजावत होती; ताकद वाया जात होती ती पंख्यापाशी.

का? त्या काळी मोठ्या जहाजांचे पंखे मिनिटाला शंभरएक फेरे घेत. टर्बाइन पंख्याला हजारांच्या घरात फिरवत होती. आता स्वयंपाकघरातली एक गोष्ट आठवा. थंड हवेच्या उंच ठिकाणी डाळ लवकर शिजत नाही, कारण हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाच उकळतं. कुकरमध्ये याच्या उलट होतं. पंख्याचं पातं फार वेगाने फिरलं की त्याच्या पाठीमागच्या बाजूला दाब इतका उतरतो, की समुद्राचं थंड पाणीसुद्धा तिथे उकळतं. पाण्यात वाफेच्या पोकळ्या तयार होतात. पंख्याला रेटायला पाणी उरतच नाही, तो फेसात फिरत राहतो. ताकात रवी वरवर घुमवली की नुसता फेस येतो, तशी गत. शिवाय या पोकळ्या फुटताना असा तडाखा देतात की धातूलाही खड्डे पडतात. इंग्रजीत याला 'कॅव्हिटेशन' म्हणतात. 'डेअरिंग' नावाच्या युद्धनौकेवर थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनाही थोडं आधी हाच अनुभव आला होता.

पण कारण समजणं वेगळं आणि ते डोळ्यांनी पाहणं वेगळं. पार्सन्सने १८९५ मध्ये तांब्याच्या नळीचं एक बंद कडं केलं, त्याला काचेची खिडकी ठेवली, आत पाणी आणि दोन इंच व्यासाचा पंखा. पंपाने आतला दाब कमी केला, म्हणजे इवल्या पंख्यावरही पोकळ्या दिसाव्यात. पंखा फिरताना तो नुसता धूसर दिसणार. म्हणून फिरत्या आरशाने दर फेऱ्याला एकदाच प्रकाशाची चमक पाडली. पंखा स्थिर असल्यासारखा दिसू लागला आणि पात्यांवरच्या पोकळ्या कधी जन्मतात, कुठे वाढतात, ते उघड झालं. आज जगभर प्रोपेलर तपासण्यासाठी जे मोठाले पाणबोगदे बांधतात, त्यांचं हे पूर्वज. ते कडं न्यूकॅसलच्या विद्यापीठात जपून ठेवलेलं आहे.

मग त्याने बोटीची आतडी बदलली. एका टर्बाइनऐवजी तीन. जास्त दाबाची, मधल्या दाबाची आणि कमी दाबाची. वाफ एकीतून दुसरीत आणि तिसरीत जाणार. प्रत्येकीचा दांडा वेगळा आणि प्रत्येक दांड्यावर तीन छोटे पंखे. असे एकूण नऊ. भार इतक्या पात्यांवर वाटला गेला की एकाही पात्याला पाणी फाडण्याची पाळी येऊ नये. टर्बाइन उलटी फिरत नाही, म्हणून बोट मागे घेण्यासाठी मधल्या दांड्यावर वेगळी छोटी टर्बाइन बसवली. डिसेंबर १८९६ मध्ये वेग २९ नॉटच्या वर गेला आणि एप्रिल १८९७ मध्ये ३२ च्या वर. केंब्रिजचे प्राध्यापक युइंग यांनी स्वतः मोजमाप केलं. दोन महिन्यांनी स्पिटहेड.

आरमाराने टर्बाइनच्या दोन विनाशिका घेतल्या, 'व्हायपर' आणि 'कोब्रा'. वेग विलक्षण. पण १९०१ च्या ऑगस्टमध्ये 'व्हायपर' धुक्यात खडकावर आपटून बुडाली आणि सप्टेंबरमध्ये 'कोब्रा' उत्तर समुद्रात मधोमध तुटली. साठांहून अधिक माणसं गेली, त्यांत पार्सन्सच्या कारखान्यातली त्याच्या हाताखाली तयार झालेली माणसंही होती. चौकशीत दोष टर्बाइनचा निघाला नाही. 'कोब्रा'चा सांगाडाच कमकुवत ठरला. कागदावर तो सुटला. पण ज्या घरांतला कर्ता पुरुष गेला, त्यांना दोष कुठल्या भागाचा होता याने काय फरक पडणार! पार्सन्स बोलका नव्हता. व्यासपीठावर अडखळणारा, लाजरा माणूस. तो कामाला लागला. त्याच वर्षी क्लाइड नदीवर 'किंग एडवर्ड' ही टर्बाइनवर चालणारी पहिली प्रवासी बोट धावू लागली होती. १९०६ मध्ये 'ड्रेडनॉट' युद्धनौका आली आणि १९०७ मध्ये 'मॉरेटानिया'. अटलांटिक ओलांडण्याचा तिचा विक्रम १९२९ पर्यंत टिकला.

टर्बाइनच्या मर्यादाही जगाला दिसल्या. 'टायटॅनिक'चा मधला पंखा पार्सन्सच्या पद्धतीच्या टर्बाइनवर चालत असे आणि ती उलटी फिरू शकत नव्हती. सुकाणू बरोबर त्याच पंख्याच्या मागे. तो पंखा थांबला की सुकाणूवर येणारा पाण्याचा झोत थांबणार. १९१२ च्या त्या रात्री याचा कितपत परिणाम झाला यावर जाणकारांत वाद आहे. पंखा आणि सुकाणू यांचं नातं मात्र आमच्या रेवसच्या सारंगाला ठाऊक होतं तेच.

दुसरी मर्यादा त्याने स्वतः दूर केली. टर्बाइनला वेगात फिरायला आवडतं, पंख्याला सावकाश. दोघांच्या मध्ये दातेरी चक्रं बसवायची, हा उपाय. त्यासाठी त्याने 'व्हेस्पेशियन' हे जुनं मालवाहू जहाज विकत घेतलं. गंमत पाहा, आधी त्यातलं जुनंच इंजिन नीट दुरुस्त करून घेतलं आणि कोळसा, पाणी किती लागतं ते मोजलं. मग फक्त इंजिन काढून गिअरवाली टर्बाइन बसवली. बॉयलर तोच, दांडा तोच, पंखा तोच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशामुळे पडला याची शंका राहत नाही. १९०९-१० च्या या चाचण्यांत सुमारे १५ टक्के बचत झाली. टर्बाइनचं वेड त्याच्याइतकं कोणाला नसेल; पण जुन्या इंजिनाला त्याने पूर्ण न्याय दिला आणि मगच त्याला हरवलं.

घरात तो मुलांसाठी वाफेवर पळणारी खेळणी बनवणारा बाप होता. मुलगी रेचेल आणि मुलगा टॉमी. पहिल्या महायुद्धात टॉमी आघाडीवर गेला तेव्हा रेचेलने हीटनच्या कारखान्याच्या संचालकपदी काम पाहिलं. केंब्रिजला यंत्रशास्त्र शिकलेल्या पहिल्या काही मुलींपैकी ती एक. १९१८ मध्ये टॉमी लढाईत मारला गेला. युद्ध संपलं, आणि रेचेलला मात्र कंपनीत जागा उरली नाही. बापलेकीत दुरावा आला. १९१९ मध्ये स्त्री-अभियंत्यांची संघटना उभी राहिली तेव्हा रेचेल तिची पहिली अध्यक्ष झाली आणि आई कॅथरीन तिच्या पाठीशी उभी राहिली. पोलादाच्या दांड्यातला पीळ मोजणाऱ्या या माणसाला घरातला पीळ सोडवता आला नाही, याची मला चुटपुट लागते. थोर माणसांची चरित्रं वाचताना घरच्यांनी काय सोसलं हेही पाहावं.

अपयश मान्य करायला तो कचरत नसे. कृत्रिम हिरे बनवण्यासाठी त्याने अनेक वर्षं शेकडो प्रयोग केले, अफाट पैसा ओतला, आणि शेवटी आपल्याला किंवा इतर कोणालाही ते जमलेलं दिसत नाही असा निष्कर्ष स्वतःच जाहीर केला. तसे हिरे खरोखर तयार झाले ते १९५० नंतरच्या दशकात.

म्हातारपणी तो वडिलांच्या वाटेवर परतला. १९२५ मध्ये डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांचा दुर्बिणींचा डबघाईला आलेला उद्योग त्याने विकत घेतला. इथे पुण्याचा एक धागा जुळतो. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक नायगावाला यांनी १८८८ मध्ये वेधशाळा उभारली होती. तिथली २० इंची दुर्बीण याच ग्रब यांच्या हातची. १९१२ मध्ये ती कोडाईकनालला गेली.

सर्व मानसन्मान मिळाले. १९११ मध्ये 'सर' झाला, १९२७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळवणारा पहिला इंजिनिअर ठरला. ११ फेब्रुवारी १९३१ रोजी जमैकातल्या किंग्स्टन बंदरात, पत्नीसोबत प्रवासाला निघालेल्या जहाजावरच त्याचं निधन झालं. नॉर्थम्बरलँडमधल्या कर्कव्हेल्पिंग्टन या लहानशा गावी त्याला पुरलं.

'टर्बिनिया'च्या नशिबी मात्र पुष्कळ फरफट होती. १९०७ मध्ये टाइन नदीत उतरवलं जाणारं एक जहाज तिच्यावर आदळलं. १९२६ मध्ये तिचे चक्क दोन तुकडे केले आणि मागचा अर्धा भाग लंडनच्या संग्रहालयात ठेवला. पुढे दोन्ही भाग न्यूकॅसलला आणून पुन्हा जोडले गेले. १९९४ पासून ती तिथल्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये उभी आहे. कोणी मुलं-नातवंडं तिकडे असतील आणि जाणं झालंच, तर बोटीच्या देखण्या नाकापाशी फार वेळ घालवू नका. मागे जा आणि वाकून पाहा. तीन दांडे आणि त्यांवरच्या पात्यांची ती व्यवस्था म्हणजे तीन वर्षांची चिकाटी आहे. सारं जग इंजिनाला नावं ठेवत असताना एका माणसाने शांतपणे दोष नक्की कुठे आहे ते आधी शोधलं आणि मगच हत्यार हातात घेतलं.